चौथा सिलिंडर

माझं काम टॉर्च धरायचं.
"हात हलवू नको," एवढंच बाबालाल शिकलगार म्हणायचे,
आणि मी श्वास रोखून उजेड धरायचो
त्यांच्या बोटांच्या दोन इंच पुढं,
जिथं त्यांना अजून जायचं असायचं.

हरिपुरात चार दिवस पाण्याखाली राहिलेली
भूपाल मगदुमांची बाराशे दहा.
नाकाडी गाडी, बॉनेटवरचा तारा कुणी केव्हाच काढून नेलेला.
क्रेननं ओढत टिंबर एरियात आणली
तेव्हा दारातून अजून पाणी गळत होतं,
आणि सीटखाली एक मासा, बोटाएवढा.

अण्णा किल्ली घेऊनच आलेले.
"मारून तर बघू एकदा."
बाबालालनी किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली,
खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं.
"पोटात पाणी हाय तिच्या, अण्णा.
पाणी दबत न्हाय. रॉड वाकतोय."

सहाही नोझल काढले. संपचं बूच सोडलं.
ऑइल नव्हतंच ते; दुधाळ चहा, वर साय,
आणि शेवटी शेवटी पिवळा गाळ.
नदीचा किती, फुटलेल्या पेवांतला किती?
त्यांनी चिमूटभर नाकाशी धरला.
"हळद," म्हणाले. "राजापुरी."
मी हसलो. टॉर्च हलला. शिवी खाल्ली.

प्रत्येक भोकात डिझेल आणि जुनं ऑइल, निम्मं निम्मं.
नऊ दिवस कुणी काही खोललं नाही.
रोज सकाळी ते चहाचा ग्लास घेऊन यायचे,
फ्लायव्हीलच्या दात्यात पहार अडकवायचे
आणि नुसतं विचारल्यासारखं ढकलायचे.
दहाव्या दिवशी अर्धा दाता सरकला.
चहा तसाच राहिला, त्यावर माशी बसली.

हेड उतरलं.
पाच सिलिंडर पुसल्यावर चमकले.
चौथ्यात गंजाचं कडं, पिस्टन थांबला होता तिथंच:
पाण्याची रेघ,
आमच्या गल्लीत प्रत्येक भिंतीवर आहे तशी,
फक्त गोल.

मग अण्णांचा अभिनंदन पुण्याहून आला.
कोल्हापुरात एका अपघाताच्या गाडीचं टर्बो इंजिन मिळत होतं.
मला वाटलं बाबालाल चिडतील.
ते टेप घेऊन चॅसीखाली शिरले.
"बसतंय. माउंटिंग दोन इंच मागं घेऊ.
रेडिएटर मोठा लागंल. पण ब्रेक आधी हवेचे करा,
पळायचं नंतर बघू."
राग मलाच आला. त्यांचा. दोन दिवस टिकला.

जुनं इंजिन मात्र भंगारात गेलं नाही.
कोपऱ्यात, गोणपाटाखाली, लाकडी ठोकळ्यांवर.
मिरजेत मिशन दवाखान्यामागच्या लेथवर
सॅम्युअल आवळेंनी लायनर तासून दिला,
कालच्या पेपरात गुंडाळून, भाकरीसारखा.
रविवारी शटर अर्धं पाडून आम्ही दोघंच.
टॅपेटमध्ये दहा थाऊची पट्टी:
"लोण्यातनं सुरी निघाली पायजे.
थंडीतल्या लोण्यातनं, बरं का."
हे कुणासाठी चाललंय, मी विचारलं नाही.
पंपाची एअर काढली. बुडबुडे, बुडबुडे,
मग नुसतं डिझेल.

पांढरा धूर.
पाच बोलले. चौथा गप्प.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी ब्लॉकवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले.
मी टॉर्च त्यांच्या तोंडावर धरला होता, का कुणास ठाऊक.
ते काही बोलले नाहीत.
चौथ्या पाइपाचा नट पाव आटा सोडला,
फेस जाऊ दिला,
आवळला.

सहा.

आता ते सांगलवाडीच्या मळीत असतं, पंपाला जोडलेलं.
उन्हाळ्यात नदी खाली गेली की पाइप वाढवतात.
अण्णांची गाडी टर्बोवर पळते, चांगली पळते.
टॉर्च मोबाइलमध्येच असतो, माझा मी धरतो.
मळीतलं बंद पडलं की मला फोन येतो.
जाताना तो लांब स्क्रूड्रायव्हर घेतो.
त्याची मूठ सगळी काळी,
कानामागं टेकायची तेवढी जागा सोडून.